फ्लोरेन्स १३७८: ज्यांना गिल्ड नव्हतं त्यांनी गिल्ड मागितलं (प्रकरण अभ्यास)

थोडक्यात प्रकरण

इटलीतलं फ्लोरेन्स, साल १३७८, ऐन उन्हाळा. लोकरीच्या कापडावर अख्खं शहर श्रीमंत झालेलं, आणि ते कापड ज्यांच्या हातून तयार व्हायचं त्या हजारो माणसांना शहरातल्या एकाही गिल्डमध्ये सभासद म्हणून जागा नव्हती. जुलैमध्ये ही माणसं उठली, सरकारच्या वाड्यात घुसली, आणि सगळं शहर हातात आल्यावर त्यांची मुख्य मागणी काय होती, तर आमचंही एक गिल्ड करा. ते मिळालं. सहा आठवड्यांनी काढूनही घेतलं गेलं. लोकर पिंजणाऱ्या-विंचरणाऱ्या या मजुरांना तिथे चोम्पी म्हणायचे, म्हणून इतिहासात याला चोम्पींचं बंड म्हणतात.

गिल्ड म्हटलं की आपल्याला शाळेत वाचलेलं आठवतं, उस्ताद, शिकाऊ मुलगा, मालाचा दर्जा, ठरलेले भाव. ते सगळं खरंच होतं. पण गिल्ड ही चीज नक्की काय होती हे मला स्वतःला आत बसलेल्या उस्तादांपेक्षा बाहेर उभ्या ठेवलेल्या लोकांकडे बघून जास्त कळलं, म्हणून हे एकच प्रकरण जरा सविस्तर मांडतोय.

पार्श्वभूमी

फ्लोरेन्समध्ये तेव्हा २१ गिल्डं होती. ७ मोठी आणि १४ छोटी. मोठ्यांत वकील-नोटरी, परदेशी कापडाचे व्यापारी, पेढीवाले, लोकरवाले, रेशीमवाले, वैद्य आणि औषधवाले, फरचे व्यापारी. छोट्यांत खाटीक, लोहार, चांभार, सुतार, पाव भाजणारे वगैरे, म्हणजे खरे हाताने काम करणारे आणि दुकानदार. यातली महत्त्वाची गोष्ट ही की गिल्ड म्हणजे फक्त धंद्याचा परवाना नव्हता. १२९३ मध्ये जे कायदे झाले त्यांनी शहराची सत्ता गिल्डवाल्यांच्या हातात पक्की केली, गिल्डमध्ये नाव असेल तरच सरकारी पदासाठी नाव पुढे जाणार. वरचं सरकार म्हणजे सिन्योरिया, नऊ जणांचं मंडळ, दर दोन महिन्यांनी नवीन, आणि नावं थैलीतून चिठ्ठी काढून ठरायची. तुमचं नाव थैलीत जायचं असेल तर आधी गिल्डच्या वहीत पाहिजे. भांडण झालं तर गिल्डचं स्वतःचं न्यायालय, सभासद मेला तर मयताला गिल्डचे लोक, सणाला गिल्डचा संत आणि गिल्डचं निशाण. थोडक्यात, गिल्ड नाही तर शहराच्या लेखी तुम्ही कोणीच नाही.

सगळ्यांत तगडं होतं लोकरवाल्यांचं, आर्ते देल्ला लाना. शहराच्या मुख्य चर्चचं, म्हणजे आज घुमटासाठी जे जगप्रसिद्ध आहे त्या चर्चचं, बांधकाम १३३१ पासून याच गिल्डकडे सोपवलेलं होतं. ओर्सानमिकेले नावाच्या चर्चला लागून त्यांचा वाडा अजून उभा आहे, त्याच्या भिंतीवर दगडात कोरलेलं मेंढीचं कोकरू आहे, पुढचा पाय उचलून झेंडा धरलेलं. ते या गिल्डचं चिन्ह.

आता कापड कसं व्हायचं ते बघा, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. सगळ्यांत चांगली लोकर इंग्लंडहून यायची. ती धुवायची, काठ्यांनी झोडायची, तेल लावून विंचरायची आणि पिंजायची, मग ती आजूबाजूच्या खेड्यांत बायकांकडे कातायला जायची, सूत परत शहरात विणकराच्या घरी, विणलेलं कापड आर्नो नदीवरच्या पाणचक्क्यांत कुटून घट्ट करायचं, मोठमोठ्या चौकटींवर ताणून वाळवायचं, रंगाऱ्याकडे पाठवायचं, कातरून गुळगुळीत करायचं. या सगळ्या हातांतून जाणारी लोकर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाच्या मालकीची असायची, तो म्हणजे लानायोलो, लोकरीचा कारखानदार. गिल्डचा सभासद तो. बाकी सगळे 'सोत्तोपोस्ती', शब्दशः हाताखालचे. म्हणजे गिल्डचे नियम त्यांना लागू, गिल्डचं न्यायालय त्यांना शिक्षा करणार, पण सभेत बसायचं नाही, मत नाही, पद नाही.

जोव्हान्नी व्हिलानी नावाचा तिथलाच बखरकार १३३८ च्या सुमाराचे आकडे देतो. २०० च्या वर लोकरीचे कारखाने, वर्षाला ७०,००० ते ८०,००० तागे, आणि त्या धंद्यावर ३०,००० माणसं जगायची. नंतर १३४८ चा प्लेग आला, त्यात व्हिलानी स्वतः गेला आणि शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं गेली. धंदा परत त्या आकड्याला पोचला नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, साधारण १,९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने ३,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवल्याचं लिहिलंय, आणि ठेवली कुणाकडे तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, २,००० एका श्रेणीकडे आणि १,००० दुसरीकडे, व्याजाचा दर वगैरे सगळं दगडावर. म्हणजे विणकरांच्या संघटनेवर एवढा विश्वास की राजाचा जावई तिच्याकडे पैसे ठेवतो. आणि फ्लोरेन्समध्ये त्यानंतर हजार-बाराशे वर्षांनी विणकराला चार सोबत्यांसह एकत्र बसायचीही बंदी. एकाच शब्दाखाली, गिल्ड म्हणा नाहीतर श्रेणी, किती वेगळ्या गोष्टी येतात बघा.

अडचण काय होती

पहिली गोष्ट पैशाची. कारखानदार कापड विकायचा सोन्याच्या फ्लोरिनमध्ये आणि मजुरी द्यायचा चांदीच्या बारक्या नाण्यांत. बारकं नाणं हलकं केलं की मजुरी न कापताच कापली जायची. त्यात विणकराला उचल द्यायची पद्धत होती, आणि उचल फिटेपर्यंत मालक सोडून जाता यायचं नाही. आपल्याकडे ऊसतोड कामगारांची उचल ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट शिक्षेची. लाना गिल्डने बाहेरगावचा एक अधिकारी नेमलेला असायचा. बाहेरचा अशासाठी की शहरात त्याचे लागेबांधे नसावेत. लोकर चोरली, काम बिघडवलं, मालकाविरुद्ध बोलला, की हा पकडणार, छळ करून कबुली घेणार, दंड करणार, आणि दंड भरता आला नाही तर हात तोडण्यापर्यंत शिक्षा. लोकर विंचरणाऱ्या माणसाचा हात गेला तर त्याचं पुढे काय, याचा विचार करा.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत मोठी, एकत्र यायचीच मनाई. १३४५ मध्ये ब्रांदिनी आडनावाच्या एका लोकर पिंजणाऱ्याने सोबत्यांना चर्चमध्ये जमवून बंधुमंडळ काढायचा प्रयत्न केला, वर्गणीही गोळा करायला घेतली. रात्री घरातून त्याला आणि त्याच्या दोन मुलांना उचललं. दुसऱ्या दिवशी पिंजणाऱ्यांनी काम बंद ठेवलं, सोडा म्हणून सांगितलं. त्याला फाशी दिली. हे चोम्पींच्या बंडाच्या ३३ वर्षं आधीचं, म्हणजे १३७८ ला जे म्हातारे होते त्यांनी हे डोळ्यांनी बघितलेलं होतं.

वरून १३७५ पासून पोपशी युद्ध चालू. खर्च भागवायला सरकार श्रीमंतांकडून सक्तीचं कर्ज घ्यायचं आणि त्यावर व्याज द्यायचं, आणि ते व्याज कुठून, तर मीठ, दारू, वेशीतून येणारा माल यांच्यावरच्या करातून, जो गरिबाला सुटत नाही. मग जून १३७८ मध्ये श्रीमंतांच्याच दोन गटांत जुंपली. साल्वेस्त्रो दे मेदिची तेव्हा गोनफालोनिएर होता, हे सिन्योरियाचं सर्वोच्च पद. त्याने विरोधी गटाला दाबायला जुने कायदे परत आणायचा प्रस्ताव मांडला आणि छोट्या गिल्डांना रस्त्यावर येऊ दिलं, विरोधकांची घरं जळली. वरच्यांच्या भांडणात दार किलकिलं झालं आणि खालच्यांना ते दिसलं.

समोरचे पर्याय

जुलैमध्ये शहराबाहेर रोंको नावाच्या ठिकाणी मजुरांच्या गुप्त बैठका झाल्या, शपथा घेतल्या गेल्या. त्यांच्यासमोर खरोखर काय काय होतं?

गप्प बसणं होतं, पण जूनमधल्या जाळपोळीत त्यांचेही लोक होते आणि वातावरण निवळलं की एकेकाला उचलणार ही भीती खरी होती. लाना गिल्डमध्येच सभासदत्व मागणं हा दुसरा रस्ता, पण तिथे मालकांच्या सभेत मालकासमोर बसायचं आणि उचल त्याच मालकाची, त्याचा उपयोग किती झाला असता शंकाच आहे. एखादा बलवान माणूस पकडून त्याच्या आश्रयाला जाणं, हे एकदा करून झालं होतं. १३४२ मध्ये अथेन्सचा ड्यूक म्हणवणारा एक फ्रेंच सरदार शहराचा मालक झाला, त्याने रंगाऱ्यांना आणि या मजुरांना सवलती दिल्या, त्यांना त्यांचं स्वतःचं निशाण दिलं, आणि वर्षभरात शहराने त्याला हाकलल्यावर सवलतीही गेल्या. निशाण मात्र लोकांच्या लक्षात राहिलं.

चौथा पर्याय, स्वतःचं वेगळं गिल्ड. हा काही हवेतला विचार नव्हता. तिकडे फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमचा भाग), गेंट आणि ब्रुज या शहरांत, १३०२ ला फ्रान्सच्या राजाच्या घोडदळाचा पराभव केल्यानंतर विणकरांच्या गिल्डांना नगराच्या कारभारात वाटा मिळाला होता, आणि फ्लोरेन्समध्ये फ्लँडर्सकडचे विणकर कामाला होते. म्हणजे विणकराचं गिल्ड असू शकतं हे ऐकून माहीत असणारी माणसं तिथे होती.

त्यांनी चौथा निवडला. काही जणांना ही मागणी भित्री वाटते, एवढं बंड केलं आणि त्याच व्यवस्थेत एक खुर्ची मागितली. मला तसं वाटत नाही. ज्या शहरात माणूस असण्याचा पुरावाच गिल्डच्या वहीतलं नाव आहे तिथे ती वही मागणं हे मुळावर बोट ठेवणं होतं.

काय केलं

बैठकांचा वास सरकारला लागला. सिमोन्चिनो नावाच्या एकाला पकडून वाड्यात छळ करून नावं काढून घेतली. तेव्हाच्या बखरीत असं आहे की वाड्याचं घड्याळ दुरुस्त करणारा निक्कोलो तिथे वर काम करत होता, त्याला किंकाळ्या ऐकू आल्या, तो हातातलं टाकून पळाला आणि आपल्या वस्तीत ओरडत सुटला की उठा, ते आपली माणसं मारतायत. एका चर्चची घंटा वाजली, ती ऐकून दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. हा २० जुलैचा दिवस. (घड्याळजीने दुर्लक्ष केलं असतं तर काय, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.)

त्या दिवशी गोनफालोनिएरचं (साल्वेस्त्रोची मुदत जूनअखेर संपली होती, हा नवा) घर जाळलं, आणि लोकांनी एका दिवसात ६० च्या वर नागरिकांना सरदारकी देऊन टाकली, त्यात ज्याचं घर जाळलं तोही होता. लाना गिल्डची दप्तरं जाळली, म्हणजे दंड आणि देणी लिहिलेल्या वह्या. लूट करणाऱ्यासाठी चौकात फास उभा केला. मला हे फार बोलकं वाटतं, जाळायचं पण चोरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पोदेस्ताचा, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याचा वाडा घेतला. पण रक्तही सांडलं, सेर नूतो नावाच्या कोतवालाला जमावाने चौकात हाल करून मारलं, ते झाकायचं कारण नाही.

२२ जुलैला सिन्योरियाचे लोक वाडा सोडून गेले. जमाव आत शिरला, पुढे मिकेले दी लांदो, हातात न्यायाचं निशाण आणि पायात काही नाही. लोकरीच्या कारखान्यातला मुकादम. जिन्यावरून वर गेला आणि तिथेच लोकांच्या आरोळ्यांनी तो गोनफालोनिएर झाला. अनवाणी माणूस शहराच्या सर्वोच्च पदावर.

मग तीन नवी गिल्डं झाली. एक रंगाऱ्यांचं, एक अंगरखे शिवणाऱ्या शिंप्यांचं आणि इतर छोट्या कारागिरांचं, आणि तिसरं पोपोलो मिनूतोचं, म्हणजे बारक्या लोकांचं, चोम्पींचं. तिन्ही मिळून १३,००० च्या आसपास माणसं. पदं तीन भागांत वाटली, एक वाटा मोठ्या गिल्डांना, एक छोट्यांना, एक या नव्यांना.

बाकी मागण्याही नीट विचार केलेल्या होत्या. लानाचा बाहेरचा अधिकारी बंद. दोन वर्षं कर्जासाठी कोणाला तुरुंग नाही. दंड भरता आला नाही म्हणून हात तोडायचा नाही. सरकारी कर्जावरचं व्याज बंद, मुद्दल १२ वर्षांत फेडा, आणि सक्तीच्या कर्जाऐवजी मिळकतीवर कर लावा. आणि एक मागणी जिच्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ थांबतो, कारखानदारांनी महिन्याला किमान २,००० तागे काढलेच पाहिजेत. वर्षाचे २४,०००. व्हिलानीच्या ७०,००० शेजारी हा आकडा ठेवा म्हणजे कळतं की मजूर पोटापुरतं काम मागत होते, जास्त काही नाही.

कुठे अडलं

कारखानदारांनी काही लढाई केली नाही. त्यांनी दुकानं बंद ठेवली. लोकर त्यांची, पैसा त्यांचा, कित्येक जण सरळ आपल्या गावाकडच्या वाड्यांवर निघून गेले. मजुराकडे गिल्ड आलं, निशाण आलं, मत आलं, आणि हाताला काम नाही. नव्या सरकारने धान्य वाटलं, पण तिजोरीही श्रीमंतांच्याच कर्जावर चालणारी, ती कुठवर पुरणार.

याच वेळी मिकेलेने दोन गोष्टी केल्या ज्या लोकांना लागल्या. साल्वेस्त्रोला जुन्या पुलावरच्या, पोंते व्हेक्योवरच्या, दुकानांचं भाडं देऊन टाकलं आणि स्वतःकडे एंपोली गावाचा कारभार घेतला. उपाशी माणसाला हे दिसतं.

ऑगस्टच्या शेवटी हजारो चोम्पी सान मार्को चौकात आणि मग सांता मारिया नोव्हेल्ला चर्चपाशी जमले. त्यांनी आपले आठ प्रतिनिधी निवडले, त्यांना 'देवाच्या लोकांचे आठ संत' म्हणायचे, आणि मागितलं की सिन्योरियाच्या प्रत्येक निर्णयाला या आठांची संमती लागेल, दिलेली बक्षिसं परत घ्या. म्हणजे सरकार आपलंच आणि त्याच्यावर आपणच नेमलेलं दुसरं सरकार. प्रतिनिधी हे सांगायला वाड्यात गेले तेव्हा मिकेले तलवार घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेला आणि त्यांना जखमी केलं.

३१ ऑगस्टला सगळी गिल्डं आपापली निशाणं घेऊन वाड्यासमोरच्या चौकात. हुकूम निघाला की सगळ्यांनी निशाणं वाड्यात जमा करा. इतरांनी दिली. चोम्पींनी देवदूताचं चित्र असलेलं आपलं निशाण सोडलं नाही. त्या क्षणी चौकात कोण कुठे आहे हे सगळ्यांना स्पष्ट दिसलं, आणि उरलेली गिल्डं त्यांच्यावर तुटून पडली, त्यात खाटीक पुढे. चौकाचे रस्ते अरुंद, पळायला जागा नाही.

निकाल

दुसऱ्याच दिवशी सभेने चोम्पींचं गिल्ड रद्द केलं. रंगाऱ्यांचं आणि शिंप्यांचं राहिलं, छोट्या गिल्डांच्या जोरावर ते सरकार साडेतीन वर्षं चाललं. जानेवारी १३८२ मध्ये तेही पडलं, दोन्ही नवी गिल्डं गेली, पुन्हा २१ च्या २१. मिकेलेला, ज्याने ३१ ऑगस्टला व्यवस्था वाचवली होती, हद्दपार केलं. त्यानंतर मूठभर श्रीमंत घराण्यांचं राज्य १४३४ पर्यंत.

काय वेगळं करता आलं असतं

इतक्या वर्षांनंतर शहाणपण सांगणं सोपं आहे हे मान्य करूनच लिहितो.

सगळ्यांत पहिला मुद्दा दुकानं उघडण्याचा. गिल्ड मिळाल्या दिवसापासून रोज मजुरी सुरू कशी होईल यावर सगळी ताकद लावायला हवी होती. २,००० ताग्यांची मागणी बरोबर होती पण ती कारखानदाराकडून काढून घ्यायचं हत्यार त्यांच्याकडे नव्हतं. पेठेत पडून असलेली लोकर सरकारने भाव ठरवून ताब्यात घेतली असती आणि नव्या गिल्डकडून विणून घेतली असती तर? विणणारे, रंगवणारे, शिवणारे सगळे त्या तीन गिल्डांत होतेच की. इंग्लंडची लोकर आणायला आणि परदेशात विकायला पेढीवाले लागले असते हे खरं, पण दोन-तीन महिने निभावले असते. असं कोणी सुचवल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, हा माझा विचार.

दुसरा, छोट्या गिल्डांचा. चांभार, लोहार, खाटीक हे जूनमध्ये त्यांच्या बाजूचे होते. पण चांभाराच्या दुकानातही एक-दोन हाताखालचे असतात, आणि पिंजणाऱ्याला गिल्ड मिळालं तर उद्या आपला गडीही मागेल हे त्याला दिसत होतं. चोम्पींनी या लोकांना ऑगस्टभर काय दिलं? आठ संतांची मागणी तर त्यांच्याही डोक्यावर बसणारी होती. तिथेच आपले असलेले परके झाले. मिकेलेला गद्दार म्हणून मोकळं होणारे बरेच आहेत, मला ते पुरेसं वाटत नाही. तो मुकादम होता, मजूर आणि मालक यांच्या मधला माणूस, आणि तो शेवटपर्यंत मधेच राहिला. त्याला निवडताना अनवाणी पाय दिसले, त्याची कामावरची जागा कोणी बघितली नाही.

आणि निशाणाचं. हिशेबाने बघितलं तर त्या दिवशी ते देऊन टाकायला हवं होतं, गिल्ड कदाचित टिकलं असतं, निदान रंगाऱ्यांचं टिकलं तेवढे दिवस. पण ज्यांच्या बापांनी ब्रांदिनीला चर्चमध्ये लोक जमवले म्हणून फासावर जाताना बघितलं त्यांना सहा आठवड्यांपूर्वी मिळालेलं निशाण परत करा म्हणायचं, तेही बाकीच्या २३ गिल्डांसमोर. मी हे प्रकरण कितीही वेळा वाचलं तरी इथे आल्यावर त्यांना चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही.